शेवटची सात मिनिटे : वक्तृत्वाच्या वर्गाचा समारोप आणि आपले अनुभव

नाशिकच्या आमच्या महाविद्यालयातील वक्तृत्वाच्या अभ्यासक्रमाची शेवटची भाषणे गेल्या आठवड्यात दोन दिवस चालली. १५ आठवडे, आठवड्याला दोन तास, ४२ विद्यार्थी आणि समारोपाला प्रत्येकाची सात मिनिटे, अशी रचना होती. विषयाला एकच अट होती : तो स्वतःच्या हाताखालून गेलेला किंवा डोळ्यांनी पाहिलेला असावा. दुसरी अट श्रोत्यांसाठी होती. भाषण संपल्यावर, टाळ्यांच्या आधी, चिठ्ठीत ज्याचे नाव निघेल त्याने आपण काय ऐकले ते दोन वाक्यांत सांगायचे. ही अट मी यंदा पहिल्यांदाच घातली आणि ती इतकी वर्षे का सुचली नाही याची मला मनापासून हळहळ वाटते, कारण आपले भाषण कसे झाले हे बोलणाऱ्याला नीटसे कळत नाही. ते ऐकणाऱ्याच्या तोंडून परत आले की कळते.

गुणपत्रके देऊन झाली आहेत, तेव्हा गुणांविषयी कोणी लिहू नये. त्या सात मिनिटांत, त्यांच्या आधी किंवा नंतर काय घडले तेवढे लिहावे. वर्गाबाहेरच्या ज्या मंडळींनी भाषणे ऐकली त्यांनीही अवश्य लिहावे.

तृतीय वर्ष विज्ञान, निफाड तालुका

आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे, त्यामुळे विषय शोधावा लागला नाही. पहिला मसुदा मात्र मी शाळेतल्या निबंधाच्या थाटात लिहिला होता. त्यात निर्यात होती, परकीय चलन होते, बळीराजाचे अश्रू होते आणि आमची बाग कुठेच नव्हती. मॅडमनी तो वाचून एवढेच विचारले, "छाटणी तू स्वतः करतोस का?" करतो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग कात्री घेऊन ये."

शेवटच्या दिवशी मी छाटणीची कात्री आणि दोन काड्या घेऊन उभा राहिलो. वर्षातून दोनदा छाटणी का करावी लागते, हे मी त्या काड्यांवरच दाखवले. एप्रिलच्या खरड छाटणीत एक-दोन डोळे (काडीवरच्या कोंब फुटण्याच्या जागा) राखून काडी मागे घ्यायची, म्हणजे नवी काडी फुटते आणि उन्हाळ्यात तिच्या डोळ्यांत घड धरू लागतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत तो घडाचा डोळा ओळखून त्याच्या पुढे काप घ्यायचा. डोळा चुकला तर पाला भरपूर येतो आणि घड येत नाही. काप घेताना कात्रीचा आवाज झाला आणि त्या क्षणी शेवटच्या बाकावरची कुजबुज थांबली, हे मला स्पष्ट जाणवले.

चिठ्ठीत इंदिरानगरच्या एका मुलीचे नाव निघाले. ती म्हणाली, "ऑक्टोबरनंतर दिसणारा घड उन्हाळ्यातच काडीच्या आत ठरलेला असतो. मी हंगामात रोज द्राक्षे खाते, पण हे मला माहीत नव्हते." पाऊस पडून डाऊनी हा बुरशीचा रोग आला की फवारणीसाठी रात्री जागाव्या लागतात, हे सांगताना माझा आवाज भरून आला होता, तो भाग तिच्या दोन वाक्यांत आला नाही. आधी मला त्याचे वाईट वाटले. घरी मोबाइलवरचे रेकॉर्डिंग ऐकले तेव्हा लक्षात आले की त्या भागात मी पुन्हा पहिल्या मसुद्यातलीच वाक्ये बोललो होतो.

द्वितीय वर्ष वाणिज्य, सिडको

सरावाच्या तासांना वक्त्याच्या शेजारी एक जण स्टीलची वाटी घेऊन बसत असे आणि वक्त्याच्या तोंडून विनाकारण "म्हणजे" निघाले की वाटीत राजम्याचा एक दाणा टाकत असे. माझ्या पहिल्या चार मिनिटांच्या भाषणात २३ दाणे पडले. शेवटच्या भाषणात वाटी नव्हती, तरी "म्हणजे" ओठांवर आले की दाण्याचा टण्ण आवाज मला आतून ऐकू येत होता आणि मी गप्प राहून पुढचा शब्द शोधत होते. अशी शांतता मला फार लांबलचक वाटली. रेकॉर्डिंगमध्ये ती जेमतेम दोन सेकंदांची भरली.

द्वितीय वर्ष कला, सटाणा

आमच्या घरात अहिराणी बोलतात. आमच्या बोलीत "ळ"चा "य" होतो. डोळ्याला डोया म्हणतात, काळ्याला काया. आठवीत एका स्पर्धेत मी "डोया" म्हटले तेव्हा परीक्षकांसह सगळे हसले आणि त्यानंतर मी सात वर्षे मंचावर गेले नाही. या वर्गात मॅडमनी मला "ळ" शिकवला : जिभेचे टोक मागे वळवून टाळूला टेकवायचे आणि झटक्यात पुढे सोडायचे. बाळ, सकाळ, केळी हे शब्द मी वसतिगृहाच्या गच्चीवर रोज सकाळी घोकत असे. पण त्यांनी "डोया" चुकीचा आहे असे एकदाही म्हटले नाही. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, प्रत्येकाने घरच्या बोलीत पाच वाक्ये बोलायची होती; सुरगाण्याचा एक मुलगा तिथल्या आदिवासींच्या कोकणी बोलीत बोलला, मी अहिराणीत बोलले आणि कोणी हसले नाही.

शेवटचे भाषण मी खापरावरचे मांडे, म्हणजे मातीच्या उपड्या भांड्यावर भाजलेल्या मोठ्या पातळ पोळ्या, या विषयावर केले. निवेदन प्रमाण मराठीत आणि आईचे बोलणे तिच्याच शब्दांत, "मनी माय" म्हणत. कणीक किती सैल हवी, मांडा दोन्ही हातांवर झुलवत कसा वाढवायचा, तो उपड्या खापरावर कसा टाकायचा, हे मी रिकाम्या हातांनी करून दाखवले. ऐकणाऱ्या मुलाने पहिले वाक्य अगदी बरोबर सांगितले : "याला पोळपाट-लाटणे लागत नाही." दुसऱ्या वाक्यात त्याने माझ्या आईचा शब्द तिच्याच उच्चारात परत म्हटला. घरी फोनवर हे सांगितले तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही.

एका विद्यार्थिनीचे वडील, अंबड

मी पहिली पाळी संपवून थेट कार्यक्रमाला आलो होतो. कामगार संघटनेच्या गेटसभेत मी २० वर्षे बोलत आलो आहे. तिथे माइक नसतो, समोरच्याचे लक्ष घड्याळाकडे असते आणि भोंगा झाला की तुमचे वाक्य अर्धे राहिले तरी माणसे आत जातात, म्हणून मुद्दा पहिल्या वाक्यात सांगावा लागतो. हे मी मुलीला कधी समजावून सांगितल्याचे मला आठवत नाही. तिचे भाषण माझ्या डब्यावर होते आणि पहिलेच वाक्य होते, "माझे बाबा रात्रपाळीला असले की आमच्या घरात सगळे कुजबुजत बोलतात." मी पुढे काय ऐकले ते मला सांगता येणार नाही. चिठ्ठीत माझे नाव नव्हते, हे बरे झाले.

तृतीय वर्ष कला

मी बोलताना अडखळतो. शाळेत एका शिक्षकांनी भर संमेलनात माझ्या हातातून माइक काढून घेतला होता आणि पुढचे भाषण दुसऱ्या मुलाकडून वाचून घेतले होते. त्यामुळे हा अभ्यासक्रम निवडताना मी प्रवेश अर्ज दोनदा परत घेतला. गाताना किंवा सर्वांबरोबर एका सुरात म्हणताना मी अडखळत नाही. अनेकांचे असेच असते, हे मला पुढे उपचारतज्ज्ञांकडून कळले. मॅडमनी विचारले, "तुला जास्त वेळ हवा का, की कमी लोक हवेत?" असा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी वेळ मागितला. सात मिनिटांचे भाषण मी अकरा मिनिटांत पूर्ण केले. "प"वर मी तीन ठिकाणी अडलो आणि तिन्ही वेळा वर्गातल्या एकानेही तो शब्द माझ्याऐवजी उच्चारला नाही. यासाठी मला प्रत्येकाचे आभार मानायचे आहेत. ज्यांच्यासमोर कोणी अडखळत असेल त्यांना माझी विनंती आहे की त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये.

द्वितीय वर्ष कला, येवला

आमच्या गावी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या घोषणेच्या जागी, मुक्तिभूमीवर, मी लहानपणापासून आजोबांचा हात धरून जाते, म्हणून मॅडमनी तो विषय अटीत बसवून घेतला. माझी अडचण थांबण्याची होती. हिंदू म्हणून जन्माला आलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही, या आशयाचे ते वाक्य मी सरावात एका दमात म्हणत असे आणि ते पाठांतरासारखे वाटे. मग "जन्माला आलो"नंतर श्वास घेऊन पाहिला. जन्म आपल्या हाती नाही आणि पुढचा निर्णय आपला आहे, हे दोन भाग तेव्हा मलाच पहिल्यांदा वेगळे ऐकू आले. त्यानंतर मी २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या दीक्षेपर्यंत आले आणि घंटा झाली. आजोबांवरचा शेवटचा परिच्छेद राहून गेला. तो मी घरी त्यांना वाचून दाखवला.

पुन्हा मी

अकरा मिनिटांच्या भाषणाबद्दल दोघांनी मला स्वतंत्रपणे विचारले आहे, म्हणून लिहिते : पुढच्या वर्षी वेळेची सवलत अर्जातच मागता येईल, कोणाला ती तोंडी मागावी लागणार नाही. येवल्याच्या विद्यार्थिनीचा राहिलेला परिच्छेद मला ऐकायचा आहे.

मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. ज्यांना जमेल त्यांनी पहिल्या शनिवारी यावे, मागच्या बाजूला बसावे आणि व्याख्यान संपल्यावर, टाळ्यांच्या आधी, आपापली दोन वाक्ये वहीत लिहून ठेवावीत. मी वही घेऊन येणार आहे.