कराडचे घर : सोमवारी टाइल्स लावण्याआधी

दादा : सर्वांना नमस्कार. दोन्ही बाथरूमच्या भिंतींतील पाइप टाकून झाले आहेत. उद्या गिलावा करून ते झाकावेत, म्हणजे सोमवारी टाइल्स सुरू होतील, असे प्लंबर म्हणत आहेत. ताईने मागितलेले फोटो ग्रुपवर टाकले आहेत.

ताई : दादा, गिलावा कृपया थांबव. गीझरकडून येणारी लाइन पांढऱ्या यूपीव्हीसी पाइपची आहे. तो थंड पाण्याचा पाइप असून साधारण ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो, आणि गीझरचे पाणी सहज तितके तापते. तिथे गरम पाणी सहन करणारा सीपीव्हीसी पाइपच हवा आणि जोडायला सॉल्व्हंट सिमेंट, म्हणजे पाइप चिकटवण्याचा गोंदही सीपीव्हीसीचाच हवा. चिकटवलेले जोड सुटत नाहीत, त्यामुळे ती लाइन कापूनच बदलावी लागेल.

दुसरे म्हणजे, संकमधला, म्हणजे बाथरूमच्या फरशीखालच्या खोलगट जागेतला सांडपाण्याचा पाइप मधोमध विटेच्या तुकड्यावर उचललेला दिसतो. नहाणी ट्रॅपपासून (फरशीवरच्या जाळीखालचा सापळा) बाहेरच्या चेंबरपर्यंत मीटरमागे सुमारे २ सेंटिमीटर उतार सलग मिळायला हवा. मध्ये उंचवटा राहिला, तर तिथे साबण आणि केस साचून पाणी तुंबत राहील.

काका : प्लंबर म्हणतात की काल टाकीचे पाणी सोडून पाहिले आणि एकही जोड गळला नाही. तेवढे पुरेसे नाही का?

ताई : नाही, काका. टाकी नळापेक्षा ३ मीटर उंच असेल, तर दाब जेमतेम ०.३ बार येतो. पुढे प्रेशर पंप बसवला की तो कितीतरी वाढेल. नवे जोड एक दिवस वाळू द्यावेत, मग हातपंपाने पाणी भरून रोजच्या अपेक्षित दाबाच्या किमान दीडपट दाब द्यावा आणि दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा खाली येत नाही ना, हे तासन्‌तास पाहावे. वॉटरप्रूफिंगनंतर संकमध्ये ४८ तास पाणी साठवून खालचे छतही तपासावे.

वहिनी : ताई, शेवटच्या फोटोत पाइपसाठी बीमची कड फोडलेली दिसते. ती सिमेंटने बुजवली तर चालेल का?

ताई : वहिनी, बरे झाले तुम्ही पाहिले, मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. सळई उघडी पडली आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनी स्वतः येऊन पाहिल्याशिवाय तिथे कोणीही हात लावू नये. पाइप बीमखालून नेता येईल. तो झाकणारे फॉल्स सीलिंग थोडे खाली घ्यावे लागले तरी हरकत नाही.

काका : मग प्लंबिंगचा हप्ता चाचणी होईपर्यंत देऊ नकोस. चुकीचा पाइप त्यांनी लावला आहे, तेव्हा बदलण्याचा खर्चही त्यांनीच करावा, हे मी उद्या त्यांच्याशी शांतपणे बोलतो.

दादा : ठीक आहे, काका. टाइल्सचे काम आठवडाभर पुढे ढकलले आहे आणि इंजिनिअर उद्या सकाळी येत आहेत. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीवर टेप धरून फोटो काढतो, म्हणजे पुढे कुठे ड्रिल करायचे नाही, हे कळेल.