ऑटोक्लेव्हमधून पाऊच ओले निघतात
प्रश्न: दातांच्या दवाखान्यात ऑटोक्लेव्हची (वाफेने उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) १२१ अंशांवर ३० मिनिटांची सायकल पूर्ण होते, पाऊचवरच्या इंडिकेटर खुणेचा रंगही बदलतो, तरी पाऊचच्या (उपकरणं भरायच्या कागद-प्लास्टिकच्या पिशवीच्या) कोपऱ्यात थेंब दिसतात. तसे ओलेच ड्रॉवरमध्ये ठेवले तर चालतील का?

– अजिबात नको. ओल्या कागदातून हाताळताना जंतू आत झिरपतात. नवं पाऊच, पुन्हा पूर्ण सायकल.

– ताई, ट्रेवर एकावर एक रचता का? रॅकमध्ये उभे लावा, एकाचा कागद दुसऱ्याच्या प्लास्टिककडे, मधे फट ठेवून. आणि ड्रायिंग अर्धवट सोडून काढू नका. पुढचा पेशंट खुर्चीत बसला की नेमकं तेच होतं.

– दात तपासायचे मिरर, प्रोब धुतल्यावर कोरडे करूनच भरा. टाकीत डिस्टिल्ड पाणीच. पाऊचबाहेरच्या इंडिकेटरच्या रंगावर मात्र विसंबू नका, तो फक्त पाऊच सायकलमधून गेल्याचं सांगतो. आठवड्यातून एकदा स्पोअर टेस्ट (चिवट जिवाणूंचे बीजाणू खरंच मेले का ते पाहणारी चाचणी) कराच.