सेमिनरी हिल्स आणि गोरेवाड्याच्या वाटांसाठी फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के शोषणारी) सायकल घेऊ का?

पहाटेचा_स्वार
नमस्कार मंडळी. वय ४४, वजन ८२ किलो. दर रविवारी साडेपाचला नागपुरात त्रिमूर्तीनगरातून निघतो. फुटाळा, सेमिनरी हिल्स, मग काटोल रोडने गोरेवाड्याच्या बाजूच्या कच्च्या वाटा. सायकल नऊ वर्षं जुनी आहे. २६ इंची चाकं, पुढे १०० मिमी दबणारा स्प्रिंगवाला फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा), मागे काही नाही. दगडांवरून उतरताना मनगटं बधिर होतात. मागच्या महिन्यात एका उतारावर पुढचं चाक अडकलं आणि मी हँडलवरून पुढे गेलो, खांदा आठ दिवस दुखत होता. घरून सांगणं आहे की सायकल बदला, नाहीतर ते दगड सोडा. दगड सोडवत नाहीत. ९० हजारांत एक जुनी फुल सस्पेन्शन मिळते आहे. घेऊ?

मुरूमवाटा
भाऊ, ती नका घेऊ. मी हे करून बसलोय. माझ्या जुन्या फुल सस्पेन्शनच्या मागच्या जोडांतल्या बेअरिंग पावसाळ्यातल्या काळ्या मातीने खाऊन टाकल्या होत्या, शॉकचे (मागचे धक्के शोषणाऱ्या नळीचे) सील गेले होते. सुटे भाग बाहेरून मागवले, दोन महिने सायकल भिंतीला टेकून होती. मागचं सस्पेन्शन खरं कामाला येतं ते लांब, वेगाच्या, सलग खडकाळ उतारांवर. आपल्याकडचे उतार दोन-तीन मिनिटांत संपतात.

तुम्ही पडलात त्यात मला फोर्कपेक्षा सायकलच्या मापाचा हात जास्त दिसतो. तेव्हाच्या बहुतेक सायकलींचा हेड अँगल (फोर्कच्या नळीचा जमिनीशी कोन) ७० अंशांच्या आसपास, स्टेम (हँडलला फोर्कच्या नळीशी जोडणारा तुकडा) ९०-१०० मिमी. म्हणजे उतारावर तुमचं वजन जवळजवळ पुढच्या चाकावरच. आताच्या ट्रेल हार्डटेलला (कच्च्या वाटांची, फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) हा कोन ६५ ते ६७ असतो, फ्रेम लांब, स्टेम ४०-५० मिमी. चाक तुमच्या बरंच पुढे राहतं. पहिल्यांदा बसाल तेव्हा उतारावर हे लगेच जाणवेल. २९ इंची चाक दगडात कमी अडकतं, तो फायदा वेगळाच.

जुन्या फ्रेमवर नवा फोर्क लावायचा विचार मनात असेल तर सोडा. आताच्या चांगल्या फोर्कची नळी खाली दीड इंच, वर सव्वा इंचाच्या आत. तुमच्या फ्रेमचा हेड ट्यूब (ही नळी ज्यात बसते तो भाग) सरळ, वर-खाली सारखाच असणार. शिवाय त्याला १५ मिमीचा थ्रू अ‍ॅक्सल (चाकातून आरपार जाणारा आस), म्हणजे चाकही नवं.

१२० मिमीचा एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेवर दबणारा) असलेली हार्डटेल बघा. हवेचा फोर्क ही काही नवी गोष्ट नाही. १९९० च्या आसपास रॉकशॉक्सचा आरएस-१ आला तोही हवेवरच चालायचा, ट्रॅव्हल (दबण्याचं अंतर) जेमतेम दोन इंच. हवा तुमच्या वजनाप्रमाणे भरता येते, हा मुद्दा. सॅग २० टक्के, म्हणजे नेहमीच्या कपड्यांत, पाणी घेऊन सायकलवर उभं राहिल्यावर १२० पैकी २४ मिमी दबायला हवा. एक नागपुरी गोष्ट: एसीच्या खोलीत २५ अंशांना ८० पीएसआय भरलेला फोर्क बाहेर ४५ अंशांत तापला की साधारण ८६ होतो. फरक हाताला कळतो. मे महिन्यात हवा सावलीत, निघताना मोजा.

लालमाती
माझं वजन ५२ किलो. पहिल्या स्प्रिंग फोर्कवर मी दोन वर्षं हात दुखवून घेतले. १०० मिमी लिहिलं होतं, प्रत्यक्षात ४० दबायचा. वरचं प्रीलोडचं (स्प्रिंगला आधीच ताण देणारं) बटण फिरवत राहिले. त्याने स्प्रिंग नरम होत नाही, फक्त सुरुवातीचं दबणं बदलतं, हे फार उशिरा कळलं. दादा, नवीन घ्यायच्या आधी सध्याचा फोर्क नक्की किती दबतो ते मोजा. आणि शेवटचा कधी उघडला होता? रॉकशॉक्स तर दर ५० तासांनी फोर्कचे खालचे पाय (खालच्या नळ्या) उघडून तेल बदलायला सांगतं.

पहाटेचा_स्वार
ताई, नऊ वर्षांत एकदाही उघडला नव्हता. नळीला प्लॅस्टिकचा टाय बांधून नेहमीचा उतार उतरलो. ४६ मिमी. ओळखीच्या मिस्त्रीने उघडला तर आतलं ग्रीस मुरुमाच्या धुळीत सुकून गोळा झालेलं. साफ करून नवीन ग्रीस भरलं, त्याच उतारावर ७१ भरले. मनगटं आज शांत आहेत.

मापाचं म्हणणं मात्र पटलं. जुनीचा सौदा सोडला. शनिवारी १२० मिमीची हार्डटेल चालवून बघायला जातोय. मुरूमवाटा भाऊ, रविवारी साडेपाचला फुटाळ्यावर फोर्कमध्ये हवा भरायचा शॉक पंप घेऊन याल का?