मदत हवी आहे: भेंडीच्या विषाणूच्या आयसोलेटला (एका नमुन्यातून मिळालेल्या विषाणूला) नाव कसं द्यायचं?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात एमएससी करतेय, प्रोजेक्ट भेंडीच्या केवड्यावर, म्हणजे बेगोमोव्हायरस गटातल्या विषाणूंमुळे होणाऱ्या रोगावर. मुरबाडच्या एका शेतातली पानं घेतली होती: शिरांची पिवळीधमक जाळी, भेंड्याही फिकट पडलेल्या. डीएनए-एचा (विषाणूच्या जनुकीय साहित्याच्या मुख्य भागाचा) पूर्ण सिक्वेन्स मिळालाय. ब्लास्टमध्ये (साठवलेल्या सिक्वेन्सशी जुळणी शोधणाऱ्या साधनात) सगळ्यात जवळची नोंद 92.6 टक्के जुळते. गाडी अडलीय नावापाशी.

बेगोमोव्हायरसांसाठी 91 टक्के किंवा जास्त जुळलं की प्रजाती तीच, आणि कुठल्याच आयसोलेटशी 94 टक्के जुळत नसेल तर स्ट्रेन (प्रजातीतला उपप्रकार) नवा. पण ब्लास्टचा आकडा यासाठी चालतो, की एसडीटी या प्रोग्रॅममध्ये सिक्वेन्सच्या जोड्या लावून पुन्हा काढायचा? 94च्या इतक्या जवळ असताना घाईने ‘नवा स्ट्रेन’ लिहायला धीर होत नाही.

दुसरं, 2021पासून प्रजातींची नावं दोन शब्दी झालीत, जसं टोबॅको मोझॅक विषाणूच्या प्रजातीचं टोबॅमोव्हायरस टॅबासाय, तीही तिरक्या अक्षरांत. विषाणूचं नेहमीचं नाव मात्र सरळच. गाइड म्हणतात, सगळंच तिरकं कर! मला ते पटत नाही.

आयसीटीव्ही (विषाणूंचं वर्गीकरण ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती) प्रजातीच्या खाली लक्ष घालत नाही, म्हणून विचारते: आयसोलेटच्या नावात चौकोनी कंसात देश, ठिकाण, वर्ष देताना ठिकाण मुरबाड लिहू की ठाणे? कुणी जेनबँकेत (सिक्वेन्सच्या सार्वजनिक संग्रहात) नोंद केली असेल तर कृपया सांगा.