मदत हवी आहे : आज्जीच्या ओव्यांच्या वहीची चिकटलेली पानं कशी सोडवायची?

नमस्कार, आम्ही सोलापूरचे. आज्जी या वर्षी गेली. आमच्या ग्रामदैवतावर, सिद्धरामेश्वरांवर, ती स्वतः ओव्या रचायची, ६८ लिंगांची प्रदक्षिणा करून आली की त्याच रात्री वहीत उतरवायची, मध्येमध्ये कन्नड शब्द पण देवनागरीतच, आणि समासात हळदीच्या बोटाचे ठसे. ते ठसे मला अक्षरांइतकेच जपायचेत.

पावसात माळ्यावरची ट्रंक गळली आणि मधली वीसेक पानं एकमेकांना घट्ट चिकटली. शाई पेनची निळी, ओलं बोट लागलं तरी पसरते, त्यामुळे वाफ द्यायची हिंमत होत नाहीये. आठ दिवस सावलीत फॅनखाली वाळवून झालं, टिपकागद घातला, कडेची दोन पानं सुटली पण तिसरं फाटायला लागलं म्हणून थांबले. सुट्या पानांचे फोटो काढून ठेवलेत. झेरॉक्सवाल्याने लॅमिनेशन सुचवलं, ते नकोच.

जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या) आधी छोटी पुस्तिका छापून नातेवाइकांना द्यायचीय. आई वही कुरिअरने पाठवू देणार नाही, पण पुण्यापर्यंत स्वतः घेऊन यायची तयारी आहे.

शाई न पसरता अशी पानं घरी सुटतात का, आणि नसतील तर सोलापुरात किंवा पुण्यात जुन्या हस्तलिखितांचं हे काम खात्रीने कोण करतं?