शिकलेले लोकही अडकतात
‘शिकलेला माणूस बाबाच्या नादी लागत नाही’ असं बरेच जण म्हणतात, ते मला काही पटत नाही. माझे मोठे काका अभियंता म्हणून निवृत्त झाले, तरी इथे नागपूरच्या महाल भागात एका महाराजांकडे अकरा वर्षं जात होते. चमत्कारांचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. त्यांना धरून ठेवलं ते कामांनी. आधी चपला सांभाळायच्या, मग पंगतीत वाढायचं, मग पावतीपुस्तक हातात. आणि मधूनच, कारण न सांगता, महाराजांचा दोन-दोन महिने अबोला! काका तेव्हा नीट जेवतसुद्धा नसत, आपलं काय चुकलं तेच शोधत बसत.

काकूंचं दुखणं हटलं नाही तेव्हाही उत्तर तयार: सेवा कमी पडली. आपल्याकडे 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण तो अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतल्या, ठरावीक कृत्यांनाच लागतो. अबोल्याला कोणतं कलम लावणार, बाप्पा? काका सुटले ते आमच्याशी वाद घालून नाही, गुडघ्यामुळे. ऑपरेशननंतर तीन महिने जाता आलं नाही, आणि इतक्या गुरुबंधूंपैकी एकाचाही फोन आला नाही.