मदत हवी आहे: रोटरला डीसी, मग पोलच्या टोकाची प्लेट निळी का पडली?

मंडळी, डिझेल जनरेटरचा अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) उघडून बसलोय. चार पोल (रोटरवरचे चुंबकीय ध्रुव), १५०० आरपीएम, ५० हर्ट्झ, ब्रशलेस, फुल लोड ४०० अँपिअर. जळका वास यायला लागला म्हणून रोटर, म्हणजे फिरणारा भाग, बाहेर काढला.

मेगर (इन्सुलेशनची चाचणी) चांगला येतो, चारही फील्ड कॉइलचा रेझिस्टन्स सारखा, फिरते डायोडही ठीक. पण कॉइलचं व्हार्निश एकाच बाजूने गेलंय. गाभ्याकडे अजून पिवळं आहे, पोल शूकडे (पोलच्या बाहेरच्या रुंद टोकाकडे) काळपट तपकिरी, नखाने खरवडलं तर भुगा पडतो. पोलच्या तोंडात डॅम्परच्या दांड्या असतात, टोकांना शॉर्टिंग रिंगने जोडलेल्या; एका पोलवर त्यातल्या कडेच्या दांडीचं ब्रेझिंग (धातू वितळवून केलेला जोड) सुटलंय. सांध्यात केसाएवढी काळी चीर आहे आणि शेजारची पोलादी प्लेट चक्क निळी झालीय.

माझं कोडं असं, की रोटर सिंक्रोनस वेगाने फिरतो आणि स्टेटरचं (बाहेरच्या स्थिर भागाचं) चुंबकीय क्षेत्रही त्याच वेगाने. म्हणजे रोटरवर बसून पाहिलं तर फ्लक्स जागचा हलतच नाही. मग बदलत्या फ्लक्समुळे लोखंडात फिरणारे भोवरा प्रवाह आले कुठून? वाइंडिंगवाला म्हणतो, कॉइल जुन्या झाल्या, नव्या गुंडाळू. लोड तर ३१० अँपिअरच्या वर कधी गेला नाही.

प्रतिसाद १
३१० कोणत्या फेजवर? तिन्ही आकडे टाका.

धागाकर्ता
आर ३१०, वाय २९५, बी १२०. बीवर नुसते दिवे-पंखे. सिंगल फेज हीटर सगळे आर आणि वायवर आहेत.

प्रतिसाद २
सापडलं की! तुमचं कोडं बरोबर आहे, पण ते तिन्ही फेज सारखे असतील तरच. असमान करंटमध्ये फिरतं क्षेत्र बनवणारे दोन भाग असतात. एक भाग रोटरबरोबर फिरतो, तो निरुपद्रवी. दुसरा, निगेटिव्ह सिक्वेन्सचा, तितक्याच वेगाने उलटा फिरतो. रोटर एकीकडे, तो दुसरीकडे, म्हणून रोटरला तो १०० हर्ट्झचा दिसतो. तिन्ही फेजचा पॉवर फॅक्टर सारखा धरला तर तुमच्या आकड्यांवरून हा भाग साधारण ६१ अँपिअर, म्हणजे फुल लोडच्या १५ टक्के येतो. अशा जनरेटरला तो सतत ८ टक्क्यांच्या आसपासच झेपतो, आणि उष्णता वाढते ती वर्गाच्या हिशेबाने. ॲमीटरवर लोड कमी दिसतो त्यावर जाऊ नका.

हे १०० हर्ट्झ अडवायचं काम डॅम्परचं. दांड्या आणि शॉर्टिंग रिंगमधून करंट फिरतो, उलट्या क्षेत्राला तोंड देतो आणि आतली फील्ड कॉइल बरीचशी वाचते. तुमचा एक सांधा सुटला, तेव्हा त्या दांडीच्या करंटने शेजारची प्लेट धरली. पोलचा गाभा पत्र्यांचा असतो, पण टोकाची प्लेट अखंड पोलादाची, भोवरा प्रवाहांना मोकळं रान. त्यात पोलादात १०० हर्ट्झचा करंट पातळ थरातच वाहतो, म्हणून वरची कातडी भाजते. कॉइल बिचारी शेजारच्या विस्तवावर शेकली गेली. गुन्हेगार ती नव्हे.

प्रतिसाद ३
वरच्याशी सहमत. मोठ्या टर्बो जनरेटरचा रोटर म्हणजे अखंड लोखंडच, तिथे हेच प्रवाह खाचांच्या पाचरी आणि टोकाच्या रिंगा जाळतात. म्हणून तिथे निगेटिव्ह सिक्वेन्सचा रिले लावतातच.

लोडवर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह, ते हार्मोनिक करंट घेतात) आहेत का? पाचवा हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पाचपट वारंवारतेचा करंट) उलटा फिरतो, सातवा सुलटा, पण रोटरला दोन्ही ३०० हर्ट्झचेच दिसतात. शिवाय स्टेटरच्या खाचांमुळे पोलच्या तोंडावर लहरी उठतात. ४८ खाचा असतील तर ४८ गुणिले २५, म्हणजे १२०० हर्ट्झ. त्या लोड नसतानाही असतात, पण त्यांनी प्लेट निळी होत नाही.

धागाकर्ता
व्हीएफडी एकही नाही. हीटर तिन्ही फेजवर वाटायला सांगितलेत, हिशेबाने २४५, २५०, २३० यावेत. कॉइल गुंडाळायच्या थांबवल्या. फक्त ब्रेझिंग करून घेऊ?

प्रतिसाद २
आता उलट्या भागाचे सहा अँपिअरच उरतात, उत्तम. पण कॉइल पोलवर ठेवून ब्रेझिंग करू नका, उरलंसुरलं व्हार्निशही जाईल. कॉइल काढताच आहात तर त्यांना नवं व्हार्निश देऊन बेक करून घ्या. आणि बाकीचे सांधे डोळ्यांनी पाहून सोडू नका, मायक्रोओममीटर (अगदी सूक्ष्म रेझिस्टन्स मोजणारा) लावा.

धागाकर्ता
लावला. दिसायला धडधाकट असलेले आणखी दोन सांधे सैल निघाले, दोन्ही कडेच्याच दांड्यांचे.